नकाशा प्रक्षेपणातील विरूपण

नकाशा प्रक्षेपण म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांची जाळी एका ठरावीक गणिती नियमानुसार सपाट कागदावर उतरविण्याची पद्धत होय. असे करताना अंतर, दिशा, आकार आणि क्षेत्रफळ हे चारही गुणधर्म सर्व ठिकाणी एकाच वेळी शाबूत राहू शकत नाहीत. मूळ भूपृष्ठ आणि सपाट नकाशा यांच्यात पडणाऱ्या या फरकाला विरूपण असे म्हणतात. विरूपण ही नकाशा काढणाऱ्याच्या हातून झालेली चूक नसते. ते गोल पृष्ठ सपाट करण्याच्या क्रियेतच सामावलेले असते. कोणता गुणधर्म जपायचा आणि कोणता सोडायचा, एवढीच निवड नकाशाकाराच्या हाती असते. ही निवड नकाशा पाहणाऱ्याच्या ध्यानात आली नाही, तर देशांचा आकार, त्यांच्यातील अंतरे आणि एकमेकांच्या तुलनेत त्यांचा विस्तार यांविषयी त्याच्या मनात चुकीची प्रतिमा रुजते.

## विरूपण अटळ का असते

मोसंबीची साल अखंड सोलून टेबलावर सपाट दाबल्यास ती कडेने फाटते किंवा मध्ये सुरकुतते. ती न फाटता सपाट करावयाची झाल्यास कोठेतरी ताणावी लागते. पृथ्वीगोलाच्या बाबतीत हेच घडते. याउलट कागदाची सुरळी किंवा शंकू उभा चिरून उलगडला, तर तो कोठेही न ताणता सपाट होतो. म्हणून दंडगोल आणि शंकू यांना विकसनीय पृष्ठे म्हणतात. गोल हे विकसनीय पृष्ठ नाही.

गोलाचा कोणताही भाग सर्व अंतरे कायम राखून सपाट पृष्ठावर मांडता येत नाही, हे लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिले. पुढे कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८२७ मध्ये त्यामागील व्यापक तत्त्व सिद्ध केले. पृष्ठ न ताणता केवळ वाकविले, तर त्याची विशिष्ट प्रकारे मोजलेली वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असते, गोलाची नसते. त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर ताणाशिवाय होणे अशक्य ठरते.

क्षेत्र लहान असेल, तर हा ताण जाणवण्याइतका नसतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते, याचे कारण दिले आहे. परिघाचा अगदी लहान अंश सपाट दिसतो आणि माणसाच्या नजरेत येणारा भूभाग पृथ्वीच्या मानाने तेवढाच लहान असतो, असा त्याचा आशय आहे. गावाचा नकाशा काढताना पृथ्वी सपाट मानली तरी चालते, ते याच कारणाने. देश, खंड किंवा सारे जग एका कागदावर आणावयाचे झाले, की प्रक्षेपणाचा प्रश्न टाळता येत नाही.

## प्रक्षेपणांचे वर्गीकरण

प्रक्षेपणांचे वर्गीकरण दोन प्रकारे केले जाते. पहिले वर्गीकरण ज्या पृष्ठावर जाळी उतरविली जाते, त्यावर आधारलेले आहे.

* दंडगोल प्रक्षेपण : पृथ्वीगोलाभोवती कागदाची सुरळी गुंडाळल्याची कल्पना केली जाते. अक्षवृत्ते व रेखावृत्ते एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेषा होतात. विषुववृत्ताजवळचे प्रदेश यात चांगले दाखविता येतात.
* शंकू प्रक्षेपण : गोलावर शंकू ठेवल्याची कल्पना केली जाते. अक्षवृत्ते वर्तुळखंडांसारखी व रेखावृत्ते एका बिंदूकडे जाणाऱ्या सरळ रेषांसारखी दिसतात. मध्य अक्षांशांतील देशांना हे प्रक्षेपण सोयीचे असते.
* खमध्य प्रक्षेपण : गोलाला एका बिंदूत स्पर्श करणाऱ्या सपाट पृष्ठावर जाळी उतरविली जाते. ध्रुवीय प्रदेशांसाठी याचा उपयोग होतो.

दुसरे वर्गीकरण जपलेल्या गुणधर्मानुसार होते. समरूप प्रक्षेपणात लहान भागांचे आकार व कोन शुद्ध राहतात. समक्षेत्र प्रक्षेपणात क्षेत्रफळांचे परस्पर प्रमाण शुद्ध राहते. समदूर प्रक्षेपणात ठरावीक बिंदूपासून किंवा ठरावीक रेषांवरील अंतरे शुद्ध राहतात. जगाचा नकाशा एकाच वेळी समरूप आणि समक्षेत्र असू शकत नाही.

नकाशावर कोठे किती विरूपण झाले आहे, हे पाहण्याची एक सोपी रीत निकोला ऑग्युस्त टिसो या फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडली. पृथ्वीगोलावर जागोजागी एकाच मापाची लहान वर्तुळे काढली आहेत अशी कल्पना करून ती नकाशावर कशी उतरतात हे पाहावयाचे. वर्तुळे वर्तुळेच राहून लहानमोठी झाली, तर प्रक्षेपण समरूप असते; त्यांचे क्षेत्र सारखे राहून ती लंबवर्तुळाकार झाली, तर ते समक्षेत्र असते.

## मर्केटर प्रक्षेपण

गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये आपला जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. तो खलाशांच्या सोयीसाठी होता. होकायंत्रावर एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत दिसतो. निघण्याचे बंदर व पोहोचण्याचे बंदर यांना पट्टीने जोडून त्या रेषेचा कोन मोजला, की जहाजाची दिशा मिळते. हा गुण समुद्रप्रवासाला इतका उपयोगी होता, की सागरी नकाशांत हे प्रक्षेपण आजही वापरले जाते.

या सोयीची किंमत क्षेत्रफळाने चुकविली जाते. गोलावर रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. मर्केटरच्या नकाशावर मात्र ती समांतर असतात, म्हणजेच प्रत्येक अक्षवृत्त विषुववृत्ताइतके लांब ताणले जाते. आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिण दिशेतही तेवढाच ताण द्यावा लागतो. परिणामी क्षेत्रफळ या ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विषुववृत्तावरील प्रमाण १ मानल्यास ही वाढ पुढीलप्रमाणे होते.

| उत्तर अक्षांश | उदाहरण | लांबीची वाढ (पट) | क्षेत्राची वाढ (पट) |
|---|---|---|---|
| ८° | कन्याकुमारी | १.०१ | १.०२ |
| १७.८° | मुरुम (धाराशिव जिल्हा) | १.०५ | १.१० |
| ३४° | श्रीनगर | १.२१ | १.४५ |
| ५१.५° | लंडन | १.६१ | २.५८ |
| ६०° | ऑस्लो व हेलसिंकी यांचा परिसर | २.०० | ४.०० |
| ७२° | ग्रीनलंडचा मध्यभाग | ३.२४ | १०.४७ |
| ८०° | ग्रीनलंडचा उत्तर भाग | ५.७६ | ३३.१६ |

ध्रुवावर ही वाढ अनंत होते, म्हणून मर्केटरच्या नकाशावर ध्रुव दाखविताच येत नाहीत.

महाराष्ट्राचे उदाहरण घेतल्यास हा परिणाम स्पष्ट होतो. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. फिनलंडचे क्षेत्रफळ सुमारे ३.३८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून केवळ दहा टक्क्यांनी अधिक आहे. मर्केटरच्या नकाशावर मात्र फिनलंड महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचपट दिसतो. आइसलंडचे क्षेत्रफळ सुमारे १.०३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आहे. नकाशावर तो महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा भासतो. ग्रीनलंड प्रत्यक्षात सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांश आहे. नकाशावर तो भारताहून कित्येक पटींनी मोठा आणि जवळपास आफ्रिकेएवढा दिसतो. आफ्रिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३०३ लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे या खंडात ग्रीनलंडसारखी चौदा बेटे किंवा भारतासारखे नऊ देश मावतात. रशियाचे क्षेत्रफळ सुमारे १७१ लाख चौरस किलोमीटर आहे; तो आफ्रिकेहून बराच लहान असूनही नकाशावर मोठा वाटतो.

भारत, आफ्रिका, आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिकेचा बराचसा भाग विषुववृत्ताजवळ आहे. युरोप, कॅनडा आणि रशिया विषुववृत्तापासून दूर आहेत. त्यामुळे मर्केटरच्या नकाशावर पहिल्या गटातील प्रदेश खऱ्यापेक्षा लहान आणि दुसऱ्या गटातील प्रदेश खऱ्यापेक्षा मोठे असल्याची समजूत होते. नौकानयनासाठी तयार झालेला नकाशा वर्गाच्या भिंतीवर जगाचे सर्वसाधारण चित्र म्हणून टांगला गेला, तेव्हापासून हा प्रश्न निर्माण झाला.

## अंतर आणि दिशा यांविषयीचा भ्रम

सपाट नकाशावर दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे असे वाटते. गोलावर मात्र सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. सर्व रेखावृत्ते आणि विषुववृत्त ही बृहद्‌वृत्तांची ओळखीची उदाहरणे आहेत.

मुंबई आणि न्यूयॉर्क या शहरांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांशावर, तर न्यूयॉर्क सुमारे ४०.६° उत्तर अक्षांशावर आहे. मर्केटरच्या नकाशावर या दोहोंना जोडणारी सरळ रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून पश्चिमेकडे, किंचित उत्तरेकडे चढत जाते. या रेषेवरून प्रवास केल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर अंतर पडते. बृहद्‌वृत्तावरून जाणारा मार्ग मुंबईहून वायव्येच्याही उत्तरेला वळून निघतो, सुमारे ६५° उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ पोहोचतो आणि मग दक्षिणेकडे उतरतो. त्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. नकाशावर वळसा घालणारा दिसणारा मार्गच प्रत्यक्षात सुमारे १,७०० किलोमीटरने जवळचा असतो. विमान प्रत्यक्ष ज्या मार्गाने जाते, तो वारे, हवाई हद्दी व सुरक्षितता यांनुसार बदलतो; परंतु लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे मार्ग पडद्यावर कमानीसारखे दिसण्याचे मूळ कारण हेच आहे.

## भारताचा विस्तार आणि वृत्तजाळी

भारताच्या मुख्य भूमीचा विस्तार ८° ४′ ते ३७° ६′ उत्तर अक्षांश आणि ६८° ७′ ते ९७° २५′ पूर्व रेखांश असा आहे. दोन्ही दिशांतील विस्तार अंशांत मोजल्यास जवळपास सारखाच, सुमारे २९ अंश भरतो. किलोमीटरमध्ये मात्र उत्तर-दक्षिण विस्तार ३,२१४ आणि पूर्व-पश्चिम विस्तार २,९३३ आहे. दोहोंत २८१ किलोमीटरचा फरक पडतो.

याचे कारण रेखावृत्तांच्या अभिसरणात आहे. दोन लगतच्या अक्षवृत्तांमधील अंतर सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर असते. दोन लगतच्या रेखावृत्तांमधील अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, १८° अक्षांशावर सुमारे १०६ किलोमीटर आणि ३७° अक्षांशावर सुमारे ८९ किलोमीटर असते. म्हणून रेखांशाचा एक अंश मुरुम परिसरात जेवढा लांब असतो, त्यापेक्षा लडाखमध्ये पुष्कळच आखूड असतो. आलेख कागदावर प्रत्येक अंशाला सारखाच चौकोन देऊन भारत काढला, तर त्याचा उत्तर भाग आडवा ताणला जातो आणि देश प्रत्यक्षाहून रुंद दिसतो. अशी चौकोनी जाळी हेही एक प्रक्षेपणच आहे. प्रक्षेपणाचा विचार न करता काढलेला नकाशाही कोणत्या ना कोणत्या प्रक्षेपणावर काढलेला असतो.

## भारतीय सर्वेक्षण आणि प्रक्षेपणाची निवड

गोलावरील स्थाने अचूक ठाऊक असल्याशिवाय ती कागदावर अचूक उतरविता येत नाहीत. भारतात हे काम त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने केले. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याचा आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास त्रिकोणांची एक लांब साखळी मोजण्यात आली. तिला 'महाचाप' असे म्हणता येईल. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटनचे आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने ते पुढे नेले.

या साखळीचे एक महत्त्वाचे स्थानक बीदरजवळील दामरगिद्दा हे होते. १८° ३′ १५″ उत्तर अक्षांशावरील या स्थानकापासून एव्हरेस्टने उत्तरेकडील चापाचे मोजमाप केले. मुरुमपासून ते पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर आहे. या मोजमापांतून पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, याचे गणित मांडण्यात आले. एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा १८३० चा लंबगोल भारतीय नकाशांचा पाया म्हणून दीर्घकाळ वापरला गेला. पृथ्वीचा आकार कोणता धरावयाचा, हा प्रश्न प्रक्षेपणाहून वेगळा असला, तरी त्याच्या उत्तरावाचून प्रक्षेपणाचे गणित सुरू होत नाही.

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने स्थलनिर्देशक नकाशांसाठी बहुशंकू प्रक्षेपण स्वीकारले. यात प्रत्येक अक्षवृत्तासाठी स्वतंत्र शंकू कल्पिला जातो आणि प्रत्येक नकाशापत्रकाचा मध्यरेखांश वेगळा धरला जातो. त्यामुळे एकेका पत्रकातील विरूपण नगण्य राहते. अनेक पत्रके शेजारी शेजारी मांडली, तर मात्र ती चारही बाजूंनी एकदम तंतोतंत जुळत नाहीत, कारण ती मुळात एका गोल पृष्ठाचे तुकडे असतात. जुन्या क्रमांकपद्धतीत मुरुम व उमरगा यांचा समावेश ५६ क्रमांकाच्या पत्रकात आणि त्यातील 'सी' या एक अंशाच्या भागात होतो. उमरगा परिसरातील १७° ४५′ ते १८° या पट्ट्याच्या १५ मिनिटे रुंदीच्या पत्रकाची वरची कड खालच्या कडेपेक्षा जमिनीवर सुमारे ३७ मीटरने आखूड असते. १ : ५०,००० या प्रमाणावर हा फरक जेमतेम पाऊण मिलिमीटर भरतो. डोळ्यांना आयत वाटणारे पत्रक खरे तर समलंब चौकोनासारखे असते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी वापराच्या खुल्या नकाशामालिकेसाठी जागतिक आडवे मर्केटर प्रक्षेपण स्वीकारण्यात आले. यात कल्पित दंडगोल आडवा धरला जातो आणि पृथ्वीचे प्रत्येकी सहा अंश रुंदीचे ६० पट्टे पाडले जातात. ७२° ते ७८° पूर्व हा ४३ वा, तर ७८° ते ८४° पूर्व हा ४४ वा पट्टा होय. त्यामुळे महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागला जातो. मुंबई, पुणे, धाराशिव आणि नांदेड ४३ व्या पट्ट्यात येतात. नागपूर आणि हिंगणघाट ४४ व्या पट्ट्यात येतात. पट्ट्याच्या मध्यरेखांशावर एक किलोमीटर अंतर मुद्दाम ४० सेंटीमीटरने कमी धरले जाते, म्हणजे पट्ट्याच्या कडांकडे होणारी वाढ आटोक्यात राहते. मुरुम परिसरात हा फरक किलोमीटरमागे दहा सेंटीमीटरच्या आसपास उरतो. पट्टा अरुंद ठेवल्याने एवढी अचूकता साधते, परंतु दोन पट्ट्यांतील निर्देशांक एकाच जाळीत थेट मिसळता येत नाहीत.

संपूर्ण देश एका नकाशावर दाखविण्यासाठी लॅम्बर्टचे समरूप शंकू प्रक्षेपण उपयुक्त ठरते. योहान हाइनरिश लॅम्बर्ट याने ते १७७२ मध्ये मांडले. भारतासाठी त्याची एक प्रचलित मांडणी ८०° पूर्व हा मध्यरेखांश आणि साधारण १२.५° व ३५° उत्तर ही दोन प्रमाण अक्षवृत्ते धरून केली जाते. या दोन अक्षवृत्तांवर प्रमाण शुद्ध असते, त्यांच्या दरम्यान ते थोडे कमी आणि बाहेर थोडे अधिक होते. मुरुमच्या अक्षांशावर लांबीतील घट सुमारे दीड टक्का आणि देशाच्या मध्यावर सुमारे दोन टक्के राहते.

## संगणकीय नकाशे आणि जमिनीचे क्षेत्र

मोबाइल व संगणकावरील बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्याच एका सुलभ रूपावर आधारलेले आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या गूगल मॅप्समुळे ते सर्वत्र पसरले. या रूपात जग सुमारे ८५° अक्षांशावर दोन्हीकडून कापले जाते, त्यामुळे संपूर्ण नकाशा एका चौरसात बसतो आणि त्याचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडणे सोपे जाते. समरूपतेमुळे रस्त्यांचे कोन व घरांचे आकार शुद्ध दिसतात, जे गल्लीबोळ शोधताना महत्त्वाचे असते. गूगल मॅप्सने २०१८ पासून संगणकावर नकाशा पुरेसा लहान केल्यास तो पृथ्वीगोलाच्या रूपात दाखविण्यास प्रारंभ केला.

या प्रक्षेपणातील विरूपणाचा संबंध केवळ दूरच्या देशांशी नाही. भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने शेताची हद्द आखून त्याचे क्षेत्र काढताना गणित थेट या सपाट जाळीवर केले, तर मुरुमच्या अक्षांशावर ते सुमारे दहा ते अकरा टक्क्यांनी अधिक येते. ४० गुंठ्यांचा एक एकर त्यात ४४ गुंठ्यांहून अधिक भरतो. १०० आरांचे एक हेक्टर सुमारे ११० आरांचे दिसते. ही वाढ मोजणाऱ्याच्या निष्काळजीपणाने होत नाही आणि हद्द कितीही काळजीपूर्वक आखली तरी ती जात नाही. श्रीनगरच्या अक्षांशावर हीच वाढ सुमारे ४५ टक्क्यांवर जाते.

ही अडचण टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पृथ्वीची वक्रता जमेस धरून थेट लंबगोलावर क्षेत्र काढणे हा पहिला मार्ग होय. अनेक तयार साधने हीच रीत वापरतात. हद्दीचे निर्देशांक आधी योग्य स्थानिक प्रक्षेपणात, उदाहरणार्थ वर सांगितलेल्या ४३ व्या पट्ट्यात, रूपांतरित करून मग क्षेत्र काढणे हा दुसरा मार्ग होय. पडद्यावरील आकृतीवरून काढलेले क्षेत्र अंदाजासाठी उपयोगी पडते. जमिनीच्या व्यवहारात व हद्दीच्या वादात भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच ग्राह्य धरली जाते.

## समक्षेत्र नकाशे आणि त्यांविषयीचा वाद

क्षेत्रफळांची तुलना करावयाची असल्यास समक्षेत्र प्रक्षेपण आवश्यक असते. लोकसंख्येची घनता, पिकाखालील क्षेत्र किंवा वनांचा विस्तार ठिपक्यांनी वा रंगांनी दाखविणारे नकाशे अशा प्रक्षेपणावर नसतील, तर त्यांवरून काढलेले निष्कर्ष चुकतात. ठिपक्यांची संख्या बरोबर असूनही ते ज्या जागेत पसरले आहेत ती जागाच फुगलेली असते, त्यामुळे उत्तरेकडील प्रदेश खऱ्यापेक्षा विरळ वाटतात.

जेम्स गॉल याने १८५५ मध्ये एक समक्षेत्र दंडगोल प्रक्षेपण मांडले होते. जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्स याने १९७३ मध्ये तशाच प्रक्षेपणावरील जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. मर्केटरचा नकाशा युरोपला अवास्तव महत्त्व देतो आणि उष्ण कटिबंधातील देशांवर अन्याय करतो, अशी त्याची भूमिका होती. या मांडणीमुळे नकाशाच्या निवडीचा प्रश्न तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर आला. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये हा नकाशा वर्गांत वापरण्यास आरंभ केला.

नकाशाशास्त्रज्ञांनी पीटर्सच्या भूमिकेवर आक्षेपही घेतले. मोल्व्हाइडे याने १८०५ मध्येच समक्षेत्र प्रक्षेपण दिले होते, त्यामुळे मर्केटरला पर्याय नव्हता हे म्हणणे टिकत नाही. शिवाय गॉल-पीटर्स नकाशावर क्षेत्र शुद्ध राहत असले, तरी आकार बिघडतात. त्यावर मुरुम परिसरातील एखादे चौरस शेत रुंदीच्या सुमारे १.८ पट उंच दिसेल. ज्या उष्ण कटिबंधीय देशांना न्याय देण्याचा हेतू होता, त्यांचेच आकार त्यात उभे ताणले जातात. उत्तर अमेरिकेतील भूगोल व नकाशाशास्त्र विषयांच्या काही संस्थांनी १९८९ मध्ये एक संयुक्त ठराव करून, जगाच्या सर्वसाधारण नकाशासाठी कोणतेही आयताकृती प्रक्षेपण वापरू नये असे सुचविले. हा आक्षेप मर्केटर व पीटर्स या दोघांनाही लागू होतो.

## तडजोडीची प्रक्षेपणे

काही प्रक्षेपणांत कोणताही एक गुणधर्म पूर्णपणे न जपता सर्व विरूपणे मर्यादेत ठेवली जातात. आर्थर रॉबिन्सन याने १९६३ मध्ये मांडलेले प्रक्षेपण आणि ऑसवाल्ड विंकेल याने १९२१ मध्ये मांडलेले त्रिविध प्रक्षेपण ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने आपल्या जागतिक नकाशांसाठी १९८८ मध्ये रॉबिन्सनचे, तर १९९८ मध्ये विंकेलचे प्रक्षेपण स्वीकारले.

२०१८ मध्ये बोयान शाव्‍रिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड येनी यांनी 'इक्वल अर्थ' नावाचे प्रक्षेपण प्रसिद्ध केले. ते समक्षेत्र असून त्याची बाह्यरेषा रॉबिन्सनच्या नकाशासारखी गोलाईची आहे, त्यामुळे खंडांचे आकारही फारसे विद्रूप होत नाहीत. आफ्रिकेचा खरा विस्तार दाखविणारे नकाशे वापरले जावेत, या मागणीसाठी चाललेल्या मोहिमेला आफ्रिकी संघाने २०२५ मध्ये पाठिंबा दिला. या मोहिमेने पर्याय म्हणून हेच प्रक्षेपण पुढे केले आहे.

## नकाशाचे वाचन

नकाशा कोणत्या कामासाठी काढला आहे, यावर त्याचे प्रक्षेपण योग्य की अयोग्य हे ठरते. दिशा धरून प्रवास करण्यासाठी मर्केटरचा नकाशा योग्य असतो. देशांच्या आकारमानाची तुलना करण्यासाठी तोच दिशाभूल करतो. गॉल-पीटर्स नकाशा क्षेत्राची तुलना खरी दाखवितो, पण किनाऱ्यांचे आकार शिकविण्यास निरुपयोगी ठरतो.

नकाशाच्या समासात प्रक्षेपणाचे नाव दिलेले असल्यास ते प्रथम पाहावे. ते नसल्यास वृत्तजाळीवरून अंदाज बांधता येतो. रेखावृत्ते समांतर असून अक्षवृत्तांमधील अंतर ध्रुवांकडे वाढत गेले असेल, तर नकाशा मर्केटर पद्धतीचा असतो. ते कमी होत गेले असेल, तर तो समक्षेत्र दंडगोल पद्धतीचा असतो. अक्षवृत्ते सारख्या अंतरावर असतील, तर ती साधी चौकोनी जाळी असते. जगाच्या मर्केटर नकाशावर छापलेली किलोमीटरची पट्टी एकाच अक्षांशासाठी खरी असते. विषुववृत्तासाठी दिलेली पट्टी ६० अंशांवर वापरल्यास अंतर दुप्पट येते. उत्तर दिशा वर असणे किंवा अटलांटिक महासागर मध्यभागी असणे हे प्रक्षेपणाचे नव्हे, तर संकेताचे परिणाम आहेत. बाराव्या शतकातील अल्‌-इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाच्या जगाच्या नकाशात दक्षिण दिशा वर होती.

अक्षांश-रेखांश, आकार, क्षेत्र, अंतर आणि दिशा या सर्व गोष्टी एकाच वेळी खऱ्या दाखविणारे साधन म्हणजे पृथ्वीगोल. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो गोलावर ताणला, की सर्वांत जवळचा मार्ग लगेच दिसतो. कागदावर महाराष्ट्राची बाह्याकृती गोलावरून गिरवून कापली आणि ती फिनलंडवर ठेवून पाहिली, की दोन्ही प्रदेश जवळपास सारखेच असल्याचे ध्यानात येते. शाळेत भिंतीवरील नकाशाच्या शेजारी पृथ्वीगोल ठेवण्याची प्रथा या दृष्टीने महत्त्वाची आहे.